जुन्या अँबॅसॅडरचं हेड: उतरवण्यापासून टॅपेट लावेपर्यंत

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात जुनी अँबॅसॅडर चार वर्षं पडवीत उभी राहिली की उघड्या वॉल्व्हमधून (इंजिनाच्या झडपांतून) दमट हवा आत शिरते आणि सीटवर, म्हणजे वॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, गंज धरतो. अशा 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं वॉल्व्ह असलेलं झाकण, अंगणात उतरवता येतं. मशीनची कामं तेवढी बेळगावात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत.

इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं (हेडखालच्या मुख्य सांगाड्यातलं) पाणी सोडा. रॉकरच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांच्या) आठ नटांपैकी चार नट हेडही धरून ठेवतात. तेवढेच सोडले तर हेड वाकू शकतं. म्हणून हेडचे सगळे अकरा नट पाळीपाळीने थोडे थोडे सैल करा. पुठ्ठ्याला 1 ते 8 भोकं पाडून पुशरॉड (रॉकरला ढकलणाऱ्या काठ्या) त्यात खोचा. वॉल्व्हही त्याच क्रमाने ठेवा.

हेड कास्ट आयर्नचं आहे. रॉकेलने धुवा, कार्बन पितळी ब्रशने काढा. मग ओतकामातली जुनी रीत वापरा: दोन सीटांच्या मधल्या जागेवर रॉकेल मुरू द्या, कोरडं पुसा, खडूची पूड फासा. तडा असेल तर पांढऱ्यावर ओली, केसासारखी रेघ उमटते. रेघ दिसली तर फेसिंगवर (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करण्यावर) एक रुपयाही घालू नका, आधी प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं) करून घ्या.

तडा नसेल तर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं) लावा. 0.05 मिमीचं पान कुठे शिरलं तर फेसिंग. वर्कशॉपमध्ये समोर उभे राहा आणि सांगा, "साफ होईल तेवढंच घ्या की ओ." काढलेलं लोखंड परत येत नाही, कॉम्प्रेशन मात्र वाढतं.

या हेडच्या मूळ सीट लोखंडातच कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्यांना जपायचं. देशभर ते फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. एक्झॉस्ट सीट खोल गेली असेल तर कडक धातूची रिंग बसवा. चांगली असेल तर उगाच कोरू नका. वॉल्व्ह किंचित वर ओढून हलवा. डुगडुगला तर गाईडही (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदला.

लॅपिंगला, म्हणजे वॉल्व्ह पेस्टने सीटवर घासून बसवण्याला, घाई नको. वॉल्व्हच्या कडेला बारीक पेस्टचे ठिपके लावा, रबरी काठी तळहातांत रवीसारखी फिरवा, मधून मधून उचलून जागा बदला. सुरुवातीचा खरखर आवाज मऊ होत जातो. पुसल्यावर फिकट करडं, न तुटलेलं कडं दिसलं की झालं. पेस्टचा कणही मागे ठेवू नका. स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये (वॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओता. पाच मिनिटांत झिरपलं तर तो वॉल्व्ह पुन्हा घासा.

गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारा पातळ थर) नवंच घ्या, त्यावरची 'टॉप' आणि 'फ्रंट' ही अक्षरं पाहून बसवा. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा.

टॅपेटला, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हमधली फट लावायला, नऊची बेरीज लक्षात ठेवा: 1 नंबरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 8 नंबरचा टॅपेट लावा, 3 उघडा तर 6. गॅप 0.015 इंच. 500 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आवळले गेले तर गॅप कमी होतो, म्हणून त्याच दिवशी टॅपेटही परत लावून घ्या.