कार्डावर ‘बी’ आहे, पण ‘ए’ आहे का?

इचलकरंजीत मुलांच्या दवाखान्यात मी लस देते. “सिस्टर, काविळीची लस झालीय हिची,” असं म्हणत आया कार्ड पुढे करतात. त्यावर असते हिपॅटायटीस बी: जन्मल्याबरोबर एक, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीतून. ती कावीळ रक्तातून किंवा आईकडून बाळाला होते. दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून होते ती ‘ए’. तिची लस राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही, खासगीत पदरचे पैसे मोडून घ्यावी लागते. म्हणून आधी कार्ड काढा आणि ‘हिपॅटायटीस ए’ अशी वेगळी नोंद शोधा.

नोंद नसेल आणि बाळाला वर्ष झालं असेल, तर डॉक्टरांना विचारा. दोन प्रकार मिळतात. मृत विषाणूच्या लशीचे दोन डोस, मध्ये किमान सहा महिने. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस एकदाच. स्टेरॉइड किंवा केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर जिवंत लस नको, हे आपणहून सांगा. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. नाहीतर वर्षभराने कुठली टोचली होती हे कुणालाच आठवत नाही. दुसरा डोस लांबला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते.

‘ए’ आधी होऊन गेलीय का हे बघायला लहान बाळाची रक्त तपासणी करू नका, सरळ लस द्या. मूल दहाच्या पुढे असेल तर मात्र तपासणीला अर्थ आहे. सहा वर्षांच्या आत हा आजार बहुतेकदा डोळे पिवळे न करताच येऊन जातो, घरच्यांना पत्ताही लागत नाही. लॅबच्या चिठ्ठीवर ‘अँटी-एचएव्ही आयजीजी’ लिहून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर ‘ए’ होऊन गेलीय किंवा लस झालीय, लशीची गरज नाही. ‘आयजीएम’ वेगळी, ती आत्ता कावीळ आहे का हे सांगते. तपासणी लशीइतकीच महाग पडत असेल तर थेट लस घ्या. आधी होऊन गेलेल्याला टोचली तरी अपाय नाही.

“आमच्याकडे फिल्टर आहे” म्हणणाऱ्यांना मी जास्त आग्रह करते. घरात जपलेलं मूल उद्या होस्टेलला जातं, आणि वय वाढेल तशी ही कावीळ जास्त त्रास देते. अर्जेंटिनाने 2005 पासून वर्षाच्या बाळांना एक डोस द्यायला घेतला, आणि या काविळीने यकृत निकामी होणारी मुलं तिथे जवळपास दिसेनाशी झाली.

लस झाली तरी पाणी उकळाच. 2012 साली आमच्या गावात साथ आली ती हिपॅटायटीस ‘ई’ या वेगळ्या विषाणूची होती, तिला ही लस लागू पडत नाही.

घरात एकाला ‘ए’ झाली तर भावंडांना दोन आठवड्यांच्या आत लस द्या आणि संडासानंतर साबणानेच हात धुवायला लावा. माळ घालून कावीळ उतरवण्यात दिवस घालवू नका. मूल गुंगीत जाऊ लागलं, असंबद्ध बोललं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात न्या.