घरच्या फिश टँकसाठी कॅनिस्टर फिल्टर कसा निवडावा

दुकानात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकखाली ठेवून पाइपांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर, मागितला की पहिला प्रश्न येतो, "टँक किती फुटाचा?" आपण सांगतो आणि समोर खोकी येतात: ताशी हजार लिटर, चौदाशे लिटर, दोन हजार लिटर. बहुतेक जण हा आकडा आणि किंमत बघून निर्णय घेतात. पण तो आकडा फक्त पंपाचा आहे. माशांचं पाणी खरं शुद्ध करतात ते डब्याच्या आत स्पंजवर आणि सिरॅमिकच्या रिंगांवर वाढणारे जिवाणू. म्हणून निवडताना आधी दोन गोष्टी बघायच्या: आत मीडिया, म्हणजे हे स्पंज आणि रिंगा, किती मावतो आणि डबा उघडून धुणं किती सोपं आहे. पाण्याचा वेग त्यानंतर.

कॅनिस्टर हवाच आहे का?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. त्यात एखादा फायटर किंवा थोडे गप्पी असतील तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर किंवा काचेवर मागे टांगायचा फिल्टर पुरतो. तिथे कॅनिस्टरवर पैसे घालू नका. फायटरला तर जोराचा प्रवाह सोसवतही नाही.

साधारण १०० लिटरच्या पुढे कॅनिस्टरचा उपयोग जाणवू लागतो. गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असे भरपूर खाणारे आणि तेवढीच घाण करणारे मासे असतील, किंवा जिवंत वनस्पतींचा टँक असेल, तर त्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. एक अट मात्र आहे. कॅनिस्टर टँकच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवावा लागतो, कारण पाणी आत उतरतं ते सायफनने. खाली कपाट असलेलं स्टँड हवं, आणि डबा उचलून बाहेर काढता येईल एवढी जागाही. खरेदीला जाण्याआधी कपाटाची आतली उंची मोजून घ्या. नळ आणि पाइप डब्याच्या डोक्यावर असतात, त्यांच्यासाठी वर वीतभर मोकळी जागा धरा.

टँकमधलं पाणी मोजा

उदाहरणासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक घेऊ. ३ × १.५ × १.५ म्हणजे ६.७५ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एकूण १९१ लिटर. पण काचेची जाडी, तळाची वाळू, दगड, लाकूड आणि वर सोडलेली दोन इंच मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात १५० ते १६० लिटर पाणी उरतं. हिशोब याच आकड्यावर करा.

एंजल, टेट्रा, कोरीडोरस असे मासे असतील तर टँकमधलं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरलं की पुरे. १६० लिटरसाठी ते ताशी सुमारे ८०० लिटर होतात. गोल्डफिश किंवा मोठे सिक्लिड असतील तर आठ वेळांपर्यंत जा.

खोक्यावरचा आकडा असा वाचा

मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज, रिंगा, लोकर भरली की तो घटतो, आणि गाळ साचला की आणखी घटतो. फ्लुव्हल ही कंपनी दोन्ही आकडे देते. तिच्या ३०७ या मॉडेलच्या पंपाचा वेग ताशी ११५० लिटर आहे, तर मीडियासह पाणी फिरण्याचा वेग ७८०. म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेग मीडियातच जातो. खोक्यावर एकच आकडा असेल तर त्याचे ६० ते ७० टक्के धरून चाला. आपल्या तीन फुटी टँकसाठी ताशी १००० ते १४०० लिटरची मॉडेल योग्य ठरतात. एहाईमचं क्लासिक २२१७ ताशी १००० लिटरचं आहे, आपल्याकडे सगळीकडे दिसणारं सनसनचं ३०३बी ताशी १४०० लिटरचं.

'हेड' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते. तो बघून बरेच जण घाबरतात. पंपाला पाणी एवढं वर चढवता येईल का, अशी शंका येते. कॅनिस्टरचे दोन्ही पाइप एकाच टँकच्या पाण्यात असतात. खाली उतरणाऱ्या पाण्याचं वजन वर चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं, त्यामुळे उंचीचा भार पंपावर फारसा पडत नाही. वेग खातात ते लांब पाइप, त्यांचे वेडेवाकडे वळसे आणि तुंबलेला मीडिया. कपाटात पाइपचं वेटोळं करून ठेवू नका, हवा तेवढा ठेवून उरलेला कापून टाका. मात्र पाण्याच्या पातळीपासून डबा किती खाली ठेवता येतो, याची मर्यादा माहितीपत्रकात असते, ती पाळा.

झाकण उघडायला सांगा

इथे वेळ द्या. दुकानदाराला डबा उघडून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आतल्या जाळीच्या टोपल्या बाहेर काढा. सगळ्या टोपल्यांत मिळून किती लिटर मीडिया मावतो ते विचारा किंवा माहितीपत्रकात बघा. एकाच वेगाच्या दोन फिल्टरांपैकी एकात तीन लिटर आणि दुसऱ्यात सहा लिटर मीडिया मावत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन दुसरा घ्यावा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांसाठी विषारी असतात, नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. या जिवाणूंना चिकटून राहायला पृष्ठभाग लागतो. जास्त मीडिया म्हणजे त्यांना जास्त जागा.

मग टोपल्या परत बसवून त्यांच्या कडा बघा. टोपली आणि डब्याची भिंत यांत मोठी फट असेल तर पाणी मीडियातून न जाता त्या फटीतून निसटतं. पंप जोरात चालतो, पाणी फिरताना दिसतं, आणि गाळणं मात्र अर्धवट राहतं. दोन टोपल्यांमध्ये रबरी पट्टी किंवा घट्ट खोबण असेल तर उत्तम.

बहुतेक मॉडेलमध्ये पाणी आधी तळाशी जातं आणि टोपल्यांमधून वर चढतं. तसं असेल तर सर्वांत खाली जाड छिद्रांचा स्पंज, मध्ये सिरॅमिकच्या रिंगा, सर्वांत वर पांढरी बारीक लोकर. काही मॉडेलमध्ये वाट वेगळी असते, तेव्हा पाण्याची दिशा दाखवणारे बाण बघून क्रम लावा. नियम एकच: मोठी घाण आधी अडली पाहिजे, नाहीतर रिंगा गाळाने बुजतात.

आणखी एक सोय जरूर बघा. ओआझेच्या बायोमास्टर मालिकेत पुढचा स्पंज मुख्य डबा न उघडता बाहेर काढून धुता येतो. तेवढं बजेट नसेल तर आत ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर साधा स्पंज बसवा. हा स्वस्त तुकडा मोठा गाळ बाहेरच अडवतो आणि पिल्लं, झिंगेही आत ओढले जात नाहीत. तो आठ-पंधरा दिवसांनी पिळून काढला की मुख्य डबा दोन-तीन महिने उघडावा लागत नाही.

अॅक्टिव्हेटेड कार्बन सोबत आला तर ठेवून द्या. औषधाचा कोर्स संपल्यावर पाण्यातलं औषध काढायला किंवा लाकडाचा पिवळा रंग घालवायला तो लागतो. काही आठवड्यांत त्याची शोषण्याची ताकद संपते, म्हणून रोजच्या वापरात ती जागा रिंगांना द्यावी. यूव्ही दिव्याचं मॉडेल हिरवं पडणारं पाणी निवळवतं, अमोनियाशी त्याचा संबंध नाही. ती अडचण नसेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

गळती आणि सुटे भाग

कॅनिस्टर बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी: झाकणाची रबरी ओ-रिंग आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं. ओ-रिंग सुकली की झाकणातून पाणी झिरपतं. तिला दर धुण्याच्या वेळी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावायचा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियममुळे अनेक प्रकारचं रबर फुगतं. इम्पेलरचा दांडा बऱ्याच मॉडेलमध्ये सिरॅमिकचा असतो, धुताना निष्काळजीपणे ओढला तर मोडतो.

म्हणून दुकानात थेट विचारा, "याची ओ-रिंग आणि इम्पेलर सुटे मिळतात का? आत्ता दाखवा." मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून हे भाग शोधता येतात. लहान गावात राहत असाल तर फिल्टरसोबत एक जादा ओ-रिंग तेव्हाच घेऊन ठेवा. ज्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत ते कितीही स्वस्त असलं तरी मी कुणाला सुचवणार नाही.

पाइप जोडायचे नळ एका खटक्यात बंद होऊन डब्यापासून सुटे होतात का, तेही करून बघा. हे जड गेलं तर धुणं लांबणीवर पडतं, आणि न धुतलेला फिल्टर टँकचं पाणी बिघडवतो.

वीज, आणि वीज गेल्यावर

फिल्टर चोवीस तास चालतो, तेव्हा वॅट बघा. २० वॅटचा फिल्टर महिन्याला १४.४ युनिट घेतो, ३५ वॅटचा २५.२ युनिट. वर्षभरात हा फरक बिलात दिसतो.

लोडशेडिंगच्या भागात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. डबा बंद असतो. पाणी थांबलं की आतले जिवाणू तिथला ऑक्सिजन वापरून टाकतात. तास-दोन तासांनी सहसा बिघडत नाही, पण बरेच तास वीज नसेल तर आतलं पाणी कुजू लागतं आणि वीज येताच पंप तेच पाणी टँकमध्ये ढकलतो. अशा वेळी आधी प्लग काढा, डब्यातलं पाणी ओतून द्या, मीडिया टँकच्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या आणि मगच चालू करा. घरात इन्व्हर्टर असेल तर २० वॅटचा भार काहीच नाही, फिल्टर त्यावर टाका. नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याची गरज जास्त, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्या दिवसांत बाहेर येणाऱ्या पाण्याचा स्प्रे बार, म्हणजे छिद्रांचा पाइप, पृष्ठभागाजवळ आणा, म्हणजे पाणी वर हलत राहील.

घरी आणल्यावर

कपाटात ठेवण्याआधी फिल्टर मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवून रात्रभर चालवा. गळती असेल तर टबातच कळेल, लाकूड फुगणार नाही. वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो. त्या सॉकेटच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

मग एक मोजणी करा. बाहेर येणारा पाइप टँकच्या काठाच्या उंचीवर धरून दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि वेळ बघा. ४० सेकंदांत बादली भरली तर प्रत्यक्ष वेग ताशी ९०० लिटर. हा आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढे बादली भरायला एक मिनिट लागू लागलं की डबा धुवायची वेळ झाली.

धुताना मीडिया टँकमधून काढलेल्या पाण्यातच धुवायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. रिंगा आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नका, अर्धे आज आणि अर्धे दोन-तीन आठवड्यांनी. आधीचा फिल्टर असेल तर तोही काढू नका. नव्या मीडियावर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही एकत्र चालू द्या. पहिलाच टँक असेल तर तेवढ्या काळात मासे थोडे थोडेच आणा, आणि अमोनिया व नायट्राइटची चाचणी दोन्हींना शून्य दाखवेपर्यंत संख्या वाढवू नका.