दाखला काढण्याआधी: घरून दहावी करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी नाव. मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव आणि जन्मतारीख. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली, म्हणजे मुलांच्या कायमच्या नोंदवहीतली नोंद शेजारी शेजारी घेऊन अक्षर न् अक्षर ताडून बघा. हे शाळा सोडल्याचा दाखला मागण्याआधी करायचं, दाखला हातात आल्यावर नाही. विषय कोणते, पुस्तकं कुठली, दिवस कसा आखायचा, यातलं काही चुकलं तर महिन्याभरात सावरता येतं. नावाचं तसं नाही.

आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. अभ्यासाची तयारी जय्यत होती. दाखल्यावर मात्र मुलीच्या वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्ता’ आणि जन्मदाखल्यावर ‘दत्तात्रेय’. घरातल्या कुणालाही ती तीन वेगळी नावं वाटली नव्हती. मुक्त विद्यालयाचा, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येणाऱ्या संस्थेचा अर्ज अडकला, प्रतिज्ञापत्रं झाली, शाळेत खेटे झाले आणि एप्रिलची परीक्षा हुकून ऑक्टोबरवर गेली. मुलीचा अभ्यास पूर्ण झालेला होता, म्हणून जास्त लागलं.

मूल शाळेच्या पटावर आहे तोवर नोंदीतली चूक मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त करून घेता येते. एकदा दाखला निघाला की तेच काम फार अवघड होतं. नोंद बदलायलाच शाळा आणि कार्यालयं नाखूश असतात, आणि माध्यमिक शाळा संहितेतले नियम त्यांच्या बाजूने असतात. म्हणून मुलाला काढायचं ठरलं की शाळेत पहिला अर्ज दाखल्याचा देऊ नका. रजिस्टरमधली नोंद बघू द्या, असा द्या. मूळ नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. क्लार्कने वाचून दाखवलेलं धरू नका.

जुळवायचं कशाशी, तर जन्मदाखल्याशी. तो पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. काही जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. नाव घालायला जन्मनोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते, आणि आठवी-नववीच्या मुलांच्या पालकांकडे त्यातला थोडाच काळ उरलेला असतो. आजच कपाट उघडून बघा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे दाखल्यावरच्या चुकीशी जुळावं म्हणून घाईने आधार बदलायला जाऊ नका, ती संधी वाया जाईल. मुलाला १५ पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत उरका.

इंग्रजी स्पेलिंगही बघायचं आहे. गुणपत्रिका इंग्रजीत छापली जाते. ‘सायली’च्या शेवटी आय, वाय की डबल ई? ‘शिंदे’ला शेवटी एक ई की दोन? तुम्हाला क्षुल्लक वाटेल, संगणकाला वाटत नाही. पासपोर्ट काढलेला असेल तर त्यावरचंही बघा.

दाखल्यावर आणखी तीन रकाने तपासा. जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह आहे का? जातीचा रकाना बरोबर आहे का? पुढे जात पडताळणी समितीपुढे हाच कागद ठेवावा लागतो. आणि शेऱ्यात कोणती इयत्ता उत्तीर्ण हे स्पष्ट लिहिलंय का? ‘नववीत शिकत होती’ आणि ‘नववी उत्तीर्ण’ यांत फरक आहे. दाखला मिळाला की लगेच स्कॅन करा, झेरॉक्स काढा. दुय्यम प्रत काढायची वेळ आली की पुन्हा प्रतिज्ञापत्र आलं.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयासाठी. घरी शिकवण्यावर त्यात थेट बंदी नाही आणि त्याची वेगळी नोंदणीही नाही. शाळेतून ‘मूल शाळाबाह्य दाखवावं लागेल’ असं ऐकवलं जाईल. शांतपणे सांगा की मुक्त विद्यालयात नाव घालतो आहोत, आणि ते खरोखरच घाला.

मार्ग कोणता? ‘दहावी-बारावीची गरजच काय’ म्हणणारेही भेटतील. ते मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण देतात. सातवीत शाळा सोडून, प्रोग्रामिंग ऑलिंपियाडच्या पदकांवर ती २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्याकडच्या आयआयटीत तिला जागा नव्हती, हे सांगायचं ते विसरतात. आंतरराष्ट्रीय पदक घरात नसेल तर प्रमाणपत्राची सोय करा.

ती सोय तीन ठिकाणी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ मध्ये सुरू झालेली, केंद्र सरकारची, पुण्यात प्रादेशिक केंद्र असलेली. दुसरं, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेणारं. तिसरं, राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी, पण १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून. यात मूल शाळेतल्या मुलांसारखाच पेपर लिहितं, पुस्तकं बालभारतीचीच. १७ नंबरला मूळ दाखला नेमून दिलेल्या शाळेत जमा करावा लागतो, म्हणून वर स्कॅनचं सांगितलं. फॉर्म पावसाळ्यात सुटतात. दिवाळीनंतर चौकशी करणाऱ्यांना विलंब शुल्क भरावं लागतं किंवा वर्ष जातं. परदेशी मंडळाच्या खासगी परीक्षेचा विचार असेल तर आधी परीक्षा केंद्र मिळतंय का आणि फी झेपतेय का ते बघा.

आम्ही एनआयओएस निवडलं, त्यामुळे तिथलं थोडं जास्त सांगते. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत. १६ मार्चला सुरू होणारा प्रवेश पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी, १६ सप्टेंबरचा पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी. शेवटच्या तारखा पुढेमागे होतात, त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावर नको. अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचे द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलात तर पाच वर्षं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहाल. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. जे मूल शाळेत घुसमटलं होतं त्याला याने खरंच मोकळा श्वास मिळतो. आणि अर्ज सबमिट करण्याआधी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचा. मुलाला मोठ्याने वाचायला लावा. जन्मदाखला हातात घेऊन वाचा.

विषय पाच. त्यात भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन, वर दोन विषय जादा घेता येतात. मराठी २०४, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३ हे कोड पाठ होतील इतक्यांदा लिहावे लागतात. अकरावी विज्ञानाचा विचार मनात असेल तर गणित आणि विज्ञान सोडू नका. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय सोपे म्हणून घेतले जातात. घ्या, पण आवड असेल तर घ्या. दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीलाही असेलच असं धरून चालू नका, प्रवेशाआधी माहितीपुस्तिका बघा.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी फार थोडं लागतं. त्यांना परीक्षा नाही, तेव्हा घरात घंटा वाजवून तासिका घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर आणि एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सरकारच्या दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. रोज वाचन, रोज थोडं गणित, आणि आठवड्यातून एकदा हाताने लिहिलेलं पानभर काहीतरी. हे लिहिणं सोडू नका. घरी शिकणाऱ्या मुलांची बोटं कळफलकावर तरबेज होतात आणि तीन तासांच्या पेपरात हात दुखून येतो. शिष्यवृत्ती परीक्षा आणि चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट शाळांमार्फत भरली जाते, त्यामुळे ती द्यायची असेल तर शाळा सोडण्याआधी किंवा ओळखीच्या शाळेशी बोलून सोय करा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना ही अडचण नाही. हेच वय आहे गाण्याला, खेळाला, पोहायला भरपूर वेळ द्यायचं. त्यासाठीच तर शाळा सोडली.

नाव ताडून झालं का? नसेल तर वाचणं थांबवा आणि ते करून या.

अभ्यासाचं साहित्य एनआयओएसकडून येतं, उशिरा आलं तर पीडीएफ आहेत. धड्यांची विभागणी नीट बघा. सुमारे चाळीस टक्के धडे फक्त स्वाध्यायासाठी म्हणजे टीएमएसाठी आणि साठ टक्के मुख्य परीक्षेसाठी असतात. विषयवार यादी छापून भिंतीवर लावा, नाहीतर परीक्षेत न येणाऱ्या धड्यांवर मूल महिनेच्या महिने घालवतं. टीएमएला वीस टक्के भार आहे. तो हाताने लिहून, स्कॅन करून मुदतीत चढवायचा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रांगतं, म्हणून आठवडाभर आधी. वेळ चुकली की ते गुण गेले.

विज्ञानाला प्रात्यक्षिक आहे आणि ते वेगळं पास व्हावं लागतं. एनआयओएसचं अभ्यासकेंद्र निवडताना जवळचं म्हणून निवडू नका. प्रयोगशाळा आहे का, संपर्क तासिका, म्हणजे केंद्रावरचे शिकवण्याचे तास, खरोखर होतात का, हे जाऊन बघा. फोनवर सगळी केंद्रं ‘हो’ म्हणतात. प्रयोगवही आधीपासून लिहायला घ्या.

घरातला एक मोठा माणूस दिवसा खरंच उपलब्ध हवा. नोकरी करून संध्याकाळी शिकवू, हे आठवीपर्यंत जमतं, नववी-दहावीच्या गणिताला जमत नाही. शिकवणी लावा, त्यात कमीपणा नाही. समवयस्क मुलांची सोबत ठरवून जमवावी लागते, आपोआप मिळत नाही.

परीक्षेचं थोडक्यात. परीक्षा शुल्क वेगळं भरायचं असतं, प्रवेशाच्या शुल्कात ते धरलेलं नसतं. हॉल तिकीट आलं की नाव, फोटो, विषय, माध्यम बघा. नाव आधी. केंद्र लांब येऊ शकतं, आदल्या दिवशी जाऊन या. मूळ आधार बरोबर. घड्याळ लावून सराव पेपर किमान प्रत्येक विषयाचा एक.

निकालानंतर गुणपत्रिका आणि दुसऱ्या मंडळात जायला लागणारं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर प्रमाणपत्र ताब्यात घ्या. नाव वाचूनच ताब्यात घ्या. अकरावीचा ऑनलाइन अर्ज निकालाची वाट न बघता नोंदवून ठेवा, दुसऱ्या मंडळाच्या मुलांचे कागद जास्त बारकाईने तपासतात. एनआयओएसमधूनच बारावी करायची असेल तर दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, घाईने एका वर्षात होत नाही. बारावी विज्ञानाला प्रयोगशाळेचं केंद्र पुन्हा नव्याने शोधावं लागेल, दहावीचं चालेलच असं नाही.