अलार्म ‘अॅक’ केला म्हणजे काम झालं? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागमधली फाउंड्री असो की चिकोडी-निपाणीकडचा साखर कारखाना, कंट्रोल रूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ते रोजच वाजतंय ओ, दाबा बटण.” पण हे ‘अॅक’चं (अॅक्नॉलेज) बटण दाबलं म्हणजे ‘मी बघितलं’ एवढीच नोंद होते. बिघाड जागच्या जागीच राहतो.

बॉयलर ड्रमचंच (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीचंच) घ्या. लो लेव्हल अलार्म 40 टक्क्यांवर लावलेला आणि पाणी 39-41 मध्ये हेलकावे खातंय. अलार्म येतो, जातो, परत येतो. आधी ट्रान्समीटरची (पातळी मोजणाऱ्या यंत्राची) इम्पल्स लाइन, म्हणजे ड्रमपासून त्याच्याकडं येणारी बारीक नळी, गळतेय का आणि टर्मिनल सैल आहे का ते बघा. तिथं सगळं ठीक असेल तरच डेडबँडला, म्हणजे अलार्म येण्याच्या आणि जाण्याच्या पातळीतल्या फरकाला, हात घाला. लेव्हलसाठी साधारण 5 टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे 40 ला आलेला अलार्म 45 ला जाईल. सोबत काही सेकंदांचा डिले चालेल. पाणी फारच खाली गेल्यावर बॉयलर आपोआप बंद करणाऱ्या लो-लो ट्रिपला मात्र हा डिले सरसकट लावू नका.

पंप सुरू झाला, गेट उघडलं, या नुसत्या घटना. त्या लॉगमध्ये जाऊ द्या. ऑपरेटरला वेळेत काही करायचं असेल, तरच अलार्म.

सगळ्यात महागात पडणारी चूक फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसवर (धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीवर) होते. पावसाळ्यात ओलीमुळं अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडं गळत असल्याचा) अलार्म सारखा येतो, म्हणून कुणीतरी सेटिंग वाढवतं, नाहीतर सरळ जंपर मारतं, म्हणजे वायर जोडून अलार्मच निकामी करतं. लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) फोडून वितळलेला धातू भोवतीच्या कॉइलकडं निघाला, तर तेही हाच अलार्म सांगतो. कॉइलमध्ये पाणी असतं. दोन्ही भेटले तर स्फोट. फर्नेस बंद करून ओल शोधा, लायनिंग तपासा. जंपर हा उपाय नव्हेच.

लाइट गेली की वीस ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं) एकदम बोंबलतात आणि मूळ कारण तळाशी जातं. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत 275 अलार्म आले होते. ते वाचणार कोण? इनकमर (वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर) ट्रिप झाला असेल तर त्यामागून येणारे अंडरव्होल्टेज (कमी व्होल्टेजचे) अलार्म कंट्रोल प्रोग्रामच्या लॉजिकमध्येच रोखा.

महिन्याचा लॉग एक्सेलमध्ये घेऊन सर्वाधिक वाजणारे दहा अलार्म काढा. निम्मा गोंगाट बहुधा तिथंच सापडेल. साखर कारखान्यात हे काम गाळप बंद असतानाच उरका, पण लॉग मात्र हंगामातलाच घ्या.