१९५०च्या दशकातल्या लाइनमनची कारकीर्द कशी मांडायची

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग आणि लाइनमन म्हणजे तिथे चेंडूजवळच्या रांगेत समोरासमोर भिडणारा खेळाडू. त्या काळातल्या लाइनमनच्या नावापुढे आकडे जवळजवळ नसतातच. सॅकची (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूला, पाडण्याची) अधिकृत नोंद सुरू झाली तीच मुळी १९८२ मध्ये. म्हणून आधी मोसमांचा तक्ता करा: वर्ष, संघ, जर्सी क्रमांक, जागा, खेळलेले सामने. १९४७ ते १९६० मोसमात १२ सामने असत, १९६१ पासून १४. म्हणजे १९५८ च्या ओळीत '१२' दिसले तर मोसम पूर्ण. १९६२ च्या ओळीत दिसले तर दोन सामने हुकलेत.

संघाच्या नावावर विसंबू नका. आर्ट डोनोव्हन १९५० मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळला आणि तो संघ लगेच बंद पडला. १९५१ ला न्यूयॉर्क यँक्स, १९५२ ला डॅलस टेक्सन्स. तेही टिकले नाहीत. १९५३ ते १९६१ पुन्हा बाल्टिमोर कोल्ट्स, पण हा नवा संघ. म्हणून बाल्टिमोर कोल्ट्सच्या दोन वेगळ्या नोंदी हव्यात.

मधलंच वर्ष रिकामं असेल तर दुखापत गृहीत धरू नका, आधी लष्करी सेवा तपासा. ग्रीन बे पॅकर्सचा फॉरेस्ट ग्रेग १९५७ चा मोसम त्यामुळेच खेळला नाही. प्रो बोल, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंचा सामना, जानेवारीत होई, तेव्हा जानेवारी १९५१ चा सामना १९५० च्या ओळीत लिहा.

जुन्या फोटोतला खेळाडू क्रमांकावरून ओळखताना १९५२ चा नियम ध्यानात ठेवा. त्या वर्षी जागेनुसार क्रमांक ठरले आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचा टॅकल (रांगेत गार्डच्या बाहेरच्या बाजूचा लाइनमन) लू ग्रोझा ४६ वरून ७६ वर आला. उलट, बाल्टिमोर कोल्ट्सचा जिम पार्कर टॅकलचा गार्ड (मधल्या खेळाडूशेजारचा लाइनमन) झाला तरी ७७ च घालत राहिला.

खरा कस लागतो तो फिल्म पाहताना. एकच प्ले, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून शिट्टीपर्यंतचा एक डाव, तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त स्नॅपनंतरचं (चेंडू मागे देऊन प्ले सुरू झाल्यानंतरचं) पहिलं पाऊल: ते पुढे पडतं, बाजूला की मागे? दुसऱ्यांदा भिडताना कोणाचे खांदे खाली आहेत ते. तिसऱ्यांदा चेंडू विसरून समोरचा माणूस शिट्टी वाजेपर्यंत कुठवर ढकलला गेला ते. आजच्या डोळ्यांनी मात्र पाहू नका. पास ब्लॉकिंगमध्ये (पास टाकणाऱ्याकडे येणाऱ्यांना अडवताना) हात लांबवून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा १९७८ मध्ये मिळाली; तोवर कोपरं दुमडून, मुठी छातीशी धरूनच अडवावं लागे. समोरचा बचावपटू तर डोक्यावर सरळ थप्पड मारू शकत असे. त्यावर बंदी आली १९७७ मध्ये. हे ठाऊक नसेल तर चांगला टॅकलही ढिला वाटतो.

कॅमेरा चेंडूमागे फिरतो, म्हणून धाव दुसऱ्या बाजूला गेली की टॅकल चौकटीबाहेर जातो. अशा प्लेपुढे अंदाजाने गुण देऊ नका, 'दिसत नाही' एवढंच लिहा.