उतार: अंश किती, टक्के किती

शंभर टक्के उतार म्हणजे उभा कडा नव्हे. शंभर मीटर आडवं गेल्यावर शंभर मीटर उंची, म्हणजे फक्त ४५ अंश. उभ्या कड्याचे टक्के निघतच नाहीत, कारण तिथं आडवं अंतर शून्य असतं.

उंचीतला फरक भागिले आडवं अंतर, गुणिले शंभर, हे झाले टक्के. अंशांवरून टक्के हवे असतील तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून टॅन काढा नि शंभरने गुणा. बांधावर उभं राहून करायचं तर पावणेदोनने गुणा: ५ अंश म्हणजे पावणेनऊ टक्के, १० अंश म्हणजे साडेसतरा. त्यापुढे हा हिशोब फसत जातो. ३० अंशांना साडेबावन्न येतात, खरे ५७.७ असतात. गवंड्याचं 'फुटाला इंच' म्हणजे एकास बारा, ८.३३ टक्के, जेमतेम पावणेपाच अंश. व्हीलचेअरच्या रॅम्पला याहून जास्त चढ नको.

शेताचा उतार मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. १५ मीटर पारदर्शक नळी आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, माणसाच्या उंचीच्या दोन काठ्या घ्या. नळीत पाणी भरून हवेचे बुडबुडे पूर्ण काढा. एक जरी राहिला तरी दोन्हीकडची पातळी जुळत नाही. काठ्या उताराच्या दिशेनं, एकमेकींपासून १० मीटरवर, ओळंब्यात उभ्या करा. चालताना नळीची तोंडं अंगठ्यानं दाबा, नाहीतर खालच्या टोकातून पाणी सांडतं. नळीचं एकेक टोक काठीला उभं लावून धरा, अंगठे काढा आणि पाणी थांबलं की त्याची पातळी काठीवरच्या खुणांवर वाचा. समजा, वरच्या काठीवर ६२, खालच्या काठीवर १४२ सेंमी. फरक ८० सेंमी, म्हणजे ८ टक्के, साडेचार अंशांच्या आसपास. एकाच जागी मोजून भागत नाही, तीन-चार ठिकाणी मोजा.

टेप जमिनीलगत नको, आडवा ताणून धरा. ८ टक्क्यांवर फरक नगण्य, पण ३० अंशांच्या डोंगरउतारावर जमिनीलगत मोजलं तर ५७.७ च्या जागी ५० टक्केच निघतात. तीव्र उतारावर १० ऐवजी ५ मीटर, किंवा त्याहूनही कमी अंतर घ्या.

मोबाइल अंश दाखवतो. तो थेट ढेकळांवर ठेवू नका. दोन मीटरच्या सरळ फळीवर, कॅमेऱ्याचा उंचवटा टेकणार नाही असा कडेवर उभा ठेवा. मग फळी तशीच ठेवून फोन तेवढा उलट दिशेनं फिरवून पुन्हा वाचा. दोन आकडे जुळले नाहीत तर त्यांची सरासरी धरा.

हे आकडे अदलाबदल झाले की नुकसान कसं होतं? समतल बांध, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषेत घातलेले मातीचे बांध, साधारण ६ टक्क्यांपर्यंतच्या उताराला चालतात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडे कुणी मोबाइलवरचे ६ अंश टक्के समजून तेच बांध घातले, तर प्रत्यक्षात उतार साडेदहा टक्के असतो. जोराच्या वळवात बांधाआड ठरल्यापेक्षा जास्त पाणी चढतं आणि तो फुटतो.

रस्त्याचा चढ टक्क्यांतच सांगतात, पण तो मधल्या रेषेवरचा. पसरणी घाटासारख्या केसाच्या पिनेच्या वळणावर ३ मीटर चढायचं असेल, बाहेरून ४७ मीटर आणि आतून ३१ मीटर अंतर पडत असेल, तर बाहेर ६.४ टक्के आणि आत ९.७ टक्के चढ येतो. भरलेला टेम्पो आतल्या कडेनं घातला की दम तोडतो तो म्हणूनच.