जुनी हायब्रिड आरएक्स घेताय? आधी मागच्या सीटखाली वाका

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत दर वर्षी कुणीतरी मला गाठतंच. "जुनी लेक्सस हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी दोन्हींवर चालणारी, घ्यावी का हो? बॅटरी गेली तर?" विचारणाऱ्याला तोवर दोन तज्ज्ञ भेटून गेलेले असतात. एक म्हणतो, टोयोटाचीच आहे, ऑइल बदला आणि विसरून जा. दुसरा म्हणतो, दहा वर्षांची हायब्रिड म्हणजे पांढरा हत्ती. दोघांनीही मागची सीट कधी उचललेली नसते.

मी न्यू जर्सीत गेली बारा वर्षं लेक्ससच्या जुन्या आरएक्स चालवतेय. आधी २००६ ची ४००एच, आता २०१३ ची ४५०एच. ओळखीच्यांसाठी आणखी आठ-दहा तपासल्या, त्यांतल्या निम्म्यांना सरळ "नको" सांगितलं. खाली लिहिलंय ते मुख्यतः २०१० ते २०१५ च्या ४५०एच बद्दल. ३.५ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, मोटारींसकट २९५ हॉर्सपॉवर, आणि शहरात हायवेपेक्षा जास्त अ‍ॅव्हरेज. हायब्रिड बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची मूळ वॉरंटी या सगळ्या गाड्यांची कधीच संपली आहे. म्हणजे जे काही बघायचं ते तुम्हालाच.

घ्यायच्या आधी

टायटल म्हणजे मालकीचा कागद, अपघातांचा इतिहास, टायर, किमतीची घासाघीस हे तुम्हाला येतं. फक्त इन्स्पेक्शनच्या स्टिकरकडे बोट दाखवून कुणी "पास आहे" म्हणालं तर मान डोलावून पुढे चला. न्यू जर्सीत ऑगस्ट २०१० पासून खाजगी गाड्यांची तपासणी फक्त धुरापुरती उरली आहे. ब्रेक, गंज, सस्पेन्शन तिथे कुणी बघत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. रस्त्यावरचं हिवाळी मीठ काय करतं ते तिथे कळतं. इंजिनच्या बाजूला वॉटर पंपाखाली गुलाबी पापुद्रा दिसला तर पंप झिरपतोय, तेवढे पैसे किमतीतून कापा.

ब्रेकसाठी कान लावा. गाडी सुरू करायच्या आधी, सगळं शांत असताना, ब्रेक दोन-तीनदा दाबा. पुढून पंपाची घरघर येईल, ती यायलाच हवी. पण पाय काढून नुसतं बसल्यावरही दर थोड्या सेकंदांनी ती घरघर परत येत असेल तर ब्रेकचा दाब आतल्या आत निसटतोय. तो भाग महाग आहे. अशी गाडी मी स्वस्तातही घेत नाही.

मग स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा वीस-तीस डॉलरचा ब्लूटूथवाला ओबीडी रीडर आणि हायब्रिडची आकडेवारी दाखवणारं फोनवरचं अ‍ॅप पुरतं. नुसते बिघाडाचे कोड बघून "काही नाही, स्वच्छ आहे" म्हणू नका. कोड पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या धूरविषयक चाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पुन्हा पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. अ‍ॅपमध्ये त्या "अपूर्ण" दिसल्या आणि विकणारा म्हणतोय की गाडी रोज ऑफिसला जाते, तर नमस्कार करून घरी या.

मोठ्या हायब्रिड बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे २४० सेल आहेत, एकूण २८८ व्होल्ट. अ‍ॅप त्यांचे गट करून प्रत्येक गटाचा व्होल्टेज दाखवतं. उभ्या गाडीत सगळे गट गुण्यागोविंदाने सारखेच दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका. शेजारच्याला अ‍ॅप बघायला सांगा, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर नीट दाबा. जोर पडल्यावर एखादा गट बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टाहून जास्त खाली कोसळत असेल तर ती बॅटरी थकली आहे. हा माझा नियम आहे, आणि त्याने मला अजून फसवलेलं नाही.

"एकच मोड्यूल (सेलांचा एक संच) खराब आहे, तेवढंच बदलून देतो" म्हणणारे भेटतील. जुन्या सेलांच्या ओळीत एक ताजा बसवला की सहा महिन्यांनी शेजारचा मान टाकतो. फाटक्या गोधडीला ठिगळ लावत बसण्यासारखं आहे ते. बॅटरी बदलायचीच असेल तर अख्खी नवी, नाहीतर ती गाडी नको.

मागची सीट

हा भाग कुणी सांगत नाही, आणि याच्यापायी माझी पहिली गाडी जवळजवळ भंगारात गेली होती.

बॅटरी मागच्या सीटखाली असते. ती थंड राहते ती गाडीतल्याच हवेने. सीटच्या पायथ्याशी जाळ्या असतात, तिथून पंखे केबिनमधली हवा ओढतात आणि बॅटरीवरून फिरवतात. आता आपल्या घरातल्या गाडीच्या मागच्या सीटवर काय काय होतं ते आठवा. पोरं बसतात, कुत्रा बसतो, पॉकोनोच्या डोंगरात फिरायला जाताना चिवड्याचा डबा उघडतो. ते सगळं जाळीतून आत जातं.

एका जुलैमध्ये टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, माझ्या ४००एच ने हायब्रिड सिस्टिम तपासायची सूचना पेटवली. ज्या गराजमध्ये नेली तिथे सीट न उचलताच नव्या बॅटरीचं एस्टिमेट हातात ठेवलं, गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. मी गाडी घरी आणली आणि दोन दिवस धुसफुसत काढून शेवटी स्वतःच सीट खोलली. पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाची जाड गादी जमलेली होती, जुन्या उशीतल्या कापसासारखी. त्यात कुत्र्याचे केस, शेव, एक शेंगदाणा आणि मुलाच्या खेळण्यातलं एक पिवळं चाक. बॅटरी बिचारी गुदमरत होती. साफ केल्यावर ती आणखी तीन उन्हाळे चालली.

तर हे काम गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात करा, आणि नंतर दर वर्षी. कुत्रा असेल तर वर्षातून दोनदा. नुसत्या जाळीवरून व्हॅक्यूम फिरवणं कुणालाही जमेल, आणि ते तर दर महिन्याला करावं. पण जुन्या गाडीत पहिल्या खेपेला पंखा बाहेर काढूनच बघायला हवा. जाळी चकचकीत आणि आत उकिरडा असं मी स्वतः पाहिलं आहे.

पंख्याला हात लावायच्या आधी बॅटरीचा सर्व्हिस प्लग, म्हणजे तिचा वीजप्रवाह तोडणारा खटका, काढा. "पंखा तर बारा व्होल्टचा आहे, काय होतंय" असं सांगणारे लोक आहेत. २८८ व्होल्ट माणूस मारतात, आणि भगव्या रंगाच्या जाड वायरी तिथून वीतभर अंतरावर असतात. मी प्लग काढल्याशिवाय हात घालत नाही. हे वाचून पोटात गोळा येत असेल तर काम हायब्रिड जाणणाऱ्या मेकॅनिकला द्या. त्यात कमीपणा नाही.

गाडी बंद करा आणि किल्ली घरात ठेवून या, खिशात नको. बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मग हातमोजे. स्वयंपाकघरातले किंवा बागकामाचे नव्हेत, एक हजार व्होल्टपर्यंतचे, विजेच्या कामाचे रबरी. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडा आणि गालाजवळ धरा. कुठूनही फुंकर लागली तर ते मोजे कचऱ्यात. प्लग काढला की तो स्वतःच्या खिशात टाका, म्हणजे मदतीला आलेला नवरा किंवा मुलगा उत्साहाने परत बसवणार नाही. आणि दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमधल्या (बॅटरीची वीज मोटारींना पुरवणाऱ्या यंत्रातल्या) कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती उतरायला तेवढा वेळ लागतो. चहा घ्या.

मग सीटचे बोल्ट, हवेची नळी, आणि पंख्याचे स्क्रू व प्लग. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत चला. सीट जड असते, एकट्याने ओढाल तर दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देईल. पंख्याची पाती मऊ ब्रशने, एकेक करून. पाणी नको, आणि पातं वाकवू नका, नाहीतर वेग वाढला की पंखा थरथरतो. कॉम्प्रेसरची हवा आतल्या दिशेने मारण्याचा सल्ला देणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. सगळी धूळ त्याने थेट सेलांमध्ये जाऊन बसते. ओढायचं, फुंकायचं नाही. बॅटरीच्या पेटीचं झाकण मात्र कुठल्याही परिस्थितीत उघडायचं नाही. आपलं काम पंख्यापाशी संपतं.

आता जिथे मी अडकले ते. सगळं जोडलं, प्लग बसवला, कडी फिरवली, सीट लावली, किल्ली आणली, बटण दाबलं. दिवे लागले, पण गाडी तयार असल्याचं डॅशबोर्डवरचं "रेडी" येईना. उलट नवीनच सूचना. मला वाटलं, मी बॅटरी मारली. टो ट्रक बोलावला. मेकॅनिक मागे वाकला, 'टक' असा आवाज आला आणि गाडी सुरू. त्या एका 'टक'चे त्याने रीतसर पैसे घेतले, आणि ते मी निमूट दिले.

प्लग बसवण्याच्या हालचाली तीन आहेत: आत सरकवणं, कडी फिरवणं, आणि ती कडी शेवटी सरकवून लॉक करणं. दुसऱ्या हालचालीनंतर प्लग दिसायला बसलेला दिसतो, हाताला घट्टही लागतो. पण तिसरी झाल्याशिवाय आतलं सुरक्षेचं सर्किट पुरं होत नाही, आणि गाडी बरोबरच करते, सुरू होत नाही. म्हणून सीट लावायच्या आधी, मोजे हातात असतानाच, 'टक' ऐका. मग बारा व्होल्टची वायर जोडा, गाडी "रेडी"त आणून बघा आणि मगच सीटचे बोल्ट आवळा.

साफ केल्यावर अ‍ॅपवर बॅटरीचं तापमान बघत जा. माझ्या जुन्या गाडीत पॉकोनोच्या चढावर ते आधी पन्नास अंश सेल्सियसच्या वर जायचं, नंतर चाळिशीच्या आसपास राहू लागलं. उन्हाळ्यात एसीची हवा मागच्या सीटपर्यंत पोचू द्या, कारण बॅटरी तीच हवा पिते. थंडीत पोरांचं पांघरूण जाळीवर पडलेलं नसावं.

लेक्सस भारतात २०१७ साली आली ती आरएक्स ४५०एच सोबत घेऊनच. पुण्यात माझ्या मावसभावाने तशी एक जुनी घेतली. त्याला मी एवढंच सांगितलं की तिकडच्या धुळीत जाळ्या इथल्या दुपटीने बघ.

बाकीचं

इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२०. कंपनी १०,००० मैल म्हणते, जुन्या गाडीत मी ५,००० ला बदलते.

कूलंट दोन वेगळे असतात, एक इंजिनचा आणि एक इन्व्हर्टरचा. दोन्हींत टोयोटाचा गुलाबीच घाला. दुकानातला "सर्व गाड्यांना चालणारा" हिरवा-पिवळा नको.

गिअरबॉक्सला बेल्ट नाही, त्यामुळे बेल्टवर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्सच्या भयकथा इथे लागू नाहीत. आतलं तेल आयुष्यभर चालतं असं म्हणतात. कुणाच्या आयुष्यभर ते सांगत नाहीत. मी ६०,००० मैलांना बदलते. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर मागच्या मोटारीला स्वतंत्र तेल असतं, तेही सांगून बदलून घ्या. पुढून मागे जाणारा शाफ्ट या गाडीला नाही, म्हणून बऱ्याच जणांना मागे तेल आहे हेच माहीत नसतं.

ब्रेकचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटारी करतात. त्यामुळेच कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना मिठाने जाम होतात. दर वर्षी त्या काढून, पुसून, ग्रीस लावा. ब्रेक ऑइल मात्र कोपऱ्यावरच्या गराजमध्ये बदलू नका. या गाडीत ते स्कॅनर लावून काढावं लागतं, पायाने ब्रेक दाबून दाबून नाही.

गाडीखालच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला पत्र्याचं कवच बसवून घ्या. हायब्रिडचे कन्व्हर्टर चोरांना आवडतात.

आणि छोटी बारा व्होल्टची बॅटरी. हायब्रिडला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन मोठी बॅटरीच फिरवते. पण कॉम्प्युटर जागे होतात ते या छोटीवर. ती अशक्त झाली की डॅशबोर्डवर दिवाळी होते, आणि लोक मोठ्या बॅटरीच्या नावाने रडतात. पाच वर्षं झाली की न विचारता बदला.

डिसेंबरात तुम्ही पाच आठवडे भारतात जाणार असाल तर तिला चार्जर-मेंटेनर लावून जा. गराजमध्ये प्लग पॉइंट नसेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. दर दोन आठवड्यांनी ब्रेक दाबून गाडी "रेडी"त आणायची आणि "पी" मध्ये अर्धा तास उभी ठेवायची, गराजचं दार पूर्ण उघडं ठेवून, कारण इंजिन मध्येच सुरू होतं. "एन" मध्ये नाही, त्यात मोठी बॅटरी चार्ज होत नाही. हे तोंडी सांगू नका. कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवा.